पतंगाच्या कागदाची पट्टी

उस्तादांचं कशानंच समाधान होत नसे. चहा आला की एक घोट घेत, कप खाली ठेवत आणि बायकोकडे, म्हणजे आमच्या काकूंकडे, न बघता म्हणत, "ठीक हाय. पण समाधान झालं नाय." मग तोच चहा शेवटच्या थेंबापर्यंत पीत. खाट विणून घेतली, समाधान नाही. दाराला नवी कडी बसवली, समाधान नाही. थोरल्या जावयाला तर साखरपुड्यात उभं करून, मागून-पुढून नीट पाहून त्याच्या वडिलांना म्हणाले, "पोरगा चांगला हाय. समाधान व्हायला वेळ लागंल." लग्न झालं, नातवंडं झाली, तरी जावई बिचारा वाट बघतच होता.

"ह्यांना पटंल असं देवानं कायच केलं नाय," काकू म्हणायच्या. "मलाबी नापासच करून ठिवलंय. संसार मातर सुरू हाय."

त्यांचं नाव गेनबा. पाचोडकडचे. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. भाऊ पुढे शेतीत स्थिरावले, हे लष्करात गेले आणि आर्मोरर झाले, म्हणजे पलटणीची हत्यारं दुरुस्त करणारे. पेन्शनीत निघाले तेव्हा भावांना वाटलं आता गावी येतील. पण यांनी तेव्हाच्या औरंगाबादेत, गारखेड्याला दोन खोल्या बांधल्या आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी धरली. त्या वर्षांत कारखाने पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवत होते आणि हातात कसब असलेल्या माणसाला कुणी परत पाठवत नव्हतं. रविवारी ते सातारा डोंगराच्या पायथ्याच्या रायफल क्लबात जात. तिथली सगळी हत्यारं त्यांच्याच हाताखालची. लष्करात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. तेच नाव इथंही पडलं, आणि कारखान्याचे साहेबसुद्धा तेच वापरू लागले.

बुटका, रुंद माणूस. डावा कान गोळीबाराच्या आवाजानं गेलेला. उजव्या कानानं मात्र पलीकडच्या खोलीतलं कुजबुजणं ऐकू यायचं. ज्याचं ऐकायचं त्याच्याकडे उजवा कान, आणि ज्याचं ऐकायचं नाही त्याच्याकडे मोठ्या अदबीनं डावा. समोरचा बोलून बोलून दमायचा, आणि हे मान डोलवत राहायचे.

आणखी एक खोड. कुठलाही पट्टा पिळलेला दिसला की त्यांच्या अंगावर काटा यायचा. रायफलीचा पट्टा तर सोडाच, पण शाळेला निघालेल्या मुलीच्या दप्तराचा, बँकेतल्या शिपायाच्या कमरेचा, अनोळखी बाईच्या पर्सचासुद्धा. "पट्टा पिळलाय," एवढंच सांगायचे आणि पुढे चालू लागायचे. त्या बाईनं पुढे काय केलं ते बघायला मी एकदा थांबले होते. तिनं आधी रागानं पाहिलं आणि मग मुकाट्यानं पट्टा सरळ केला.

मी त्याच कारखान्यात वाइंडिंगला होते. वाइंडिंग म्हणजे मोटारीच्या गाभ्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळायची. आम्ही बौद्ध. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि गावोगाव आमची घरं पेटली, त्यात आमचंही गेलं. पैठण तालुक्यातलं ते गाव सोडून माझे वडील, अण्णा, आम्हाला घेऊन शहरात आले. मी कामाला लागले तेव्हा नामांतराची लढाई सुरूच होती. अण्णा दर मोर्च्याला पुढे असायचे आणि मी तारेचे वेढे मोजत असायचे.

एकदा आमच्या विभागातलं मशीन अडलं म्हणून उस्ताद आले. काम झाल्यावरही उभेच. मी शेजारणीशी भांडत होते, चांगली कडकडून, आणि हातानं तार ओवत होते.

"पोरी, तू भांडतीस कशानं?" त्यांनी विचारलं.

"तोंडानं. कामून?"

"मंग हाताला कसं काय ठाव नाय? त्यो हालंना जरासुदिक."

पुढच्या रविवारी क्लबात ये म्हणाले. घरी सांगितलं तर आईनं कपाळावर हात मारून घेतला. अण्णांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "माणूस कुठला?" मी सांगितलं. पाचोडकडचा, म्हणजे आमच्याच तालुक्यातला, म्हटल्यावर त्यांचा चेहरा मिटला. तरीही रविवारी तेच मला सायकलवरून सोडायला आले, आणि नेमबाजी संपेपर्यंत लांब बाभळीखाली बसून राहिले. उस्तादांनी त्यांना स्वतः पाणी नेऊन दिलं. दोघं काय बोलले ते मला कधी कळलं नाही. पण त्यानंतर अण्णा सोडायला आले नाहीत, मला एकटीला पाठवू लागले.

क्लबात एक आखूड रायफल होती. सगळे तिला कार्बाइन म्हणायचे. यंत्र उत्तम, पण पुढचं लाकूड, म्हणजे डाव्या हातानं जिथं धरायचं ते, अगदी थोटं आणि नळीला चिकटलेलं. माझे हात लांब. आई म्हणायची, हिला दळण खाली न वाकता उचलता येतं. डावा हात त्या लाकडाच्या पार टोकाला जाई, दंडाला गुंडाळलेला पट्टा लाकडाला ओढी, लाकूड नळीला ओढी आणि गोळ्या खाली डावीकडे भरकटत. मला वाटे आपल्याला जमत नाही. उस्ताद मात्र टार्गेटचा कागद उन्हात धरून हसले.

"तुझा दोष नाय ह्यो. गोळी सुटताना नळी थरथरती. तिला मोकळं थरथरू द्यावं लागतं. हितं तर लाकूड तिच्या उरावर बसलंय. त्ये काढून हिला लांब नवं कवच करू. मागं घट्ट, पुढं मोकळं. नळीला कुणाचा हात लागता कामा नये."

क्लबाचे अध्यक्ष म्हणजे जमीनजुमल्याचे, बोलायला गोड गृहस्थ. "करा काय करायचं ते, उस्ताद," म्हणत त्यांनी लगेच ठराव करून दिला. त्यांच्या मनात होतं की रायफल सुधारली तर पुतण्याच्या कामाची. पुतण्याही नेमबाज होता. वाईट नव्हता. नेमबाजही आणि माणूसही, दोन्ही मधलेच.

कवच नळीला कुठं लागत नाही ना, हे बघायची उस्तादांची एक रीत होती. पतंगाच्या कागदाची लांब पट्टी कापायची, नळीखालून घालून दोन्ही टोकं धरायची आणि पुढून मागपर्यंत ओढत न्यायची. कुठं अडली तर तिथं स्पर्श आहे. त्यासाठी ते दर संक्रांतीला सिटी चौकातल्या दुकानात जाऊन पतंगाच्या कागदाचा एक ताव घेत, तोही गुलाबीच. अडून फाटला तर तुकडा चटकन दिसतो म्हणून. दुकानदार दरवर्षी विचारी, "मामू, नाती के लिए?" उस्ताद दरवर्षी सांगत, "नाय, माझ्यासाठी." आणि कागद उजेडात धरून, चिमटीत चोळून, नाक मुरडून घेत. कागदानंही त्यांचं समाधान होत नसे.

पहिलं कवच त्यांनी सागाचं केलं. किती रविवार गेले कोण जाणे. आतून कोरायचे, बसवायचे, पट्टी फिरवायचे, काढायचे, पुन्हा कोरायचे. शेवटी एकदा पट्टी सरसर गेली. कवच लांब, देखणं, माझ्या हाताला नेमकं. मी झोपून नेम धरला, आणि गोळ्या पुन्हा खाली डावीकडे. उस्तादांनी पुन्हा पट्टी फिरवली. सरसर गेली. ते गोंधळले. त्यांना गोंधळलेलं मी प्रथमच पाहत होते.

"उस्ताद," मी झोपल्या झोपल्याच म्हटलं, "तुम्ही टेबलावर ठेवून बघता. मी पट्टा ओढलेला असताना बघा ना."

त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला. मग गुडघे टेकून खाली बसले आणि मी पट्टा ताणून धरलेला असताना पट्टी घातली. ती मध्यावर अडकली आणि टर्रकन फाटली. ओढ बसली की लाकूड किंचित वाकून नळीला टेकत होतं. आयुष्यभर हत्यारं दुरुस्त केलेला माणूस, त्यानं रायफल तपासली ती कुणाच्याच हातात नसताना.

मला वाटलं चिडतील. ते तिथंच मातीत मांडी घालून बसले आणि खो खो हसले. "आरं तिच्या! पलटणीत समद्या रायफली म्या टेबलावरच पास केल्या की! माणूस धरल्यावर काय हुतं ते बघितलंच नाय." तो फाटका गुलाबी तुकडा त्यांनी टोपीच्या घडीत ठेवला. पुढच्या प्रत्येक नव्या पोराला ते तो काढून दाखवायचे आणि सांगायचे, "ही चूक माझी. हिनं धरली." मी लाजून मरायची. पण खरं सांगते, तोवर माझ्या आयुष्यात कुणी माझं नाव असं चार लोकांत घेतलं नव्हतं.

दुसरं कवच ॲल्युमिनियमचं. कारखान्याच्या भंगारात जाड नळीचा एक तुकडा त्यांनी हेरला, साहेबांची सही घेऊन रीतसर गेटबाहेर काढला, लेथवर आतून मोठा केला, उन्हात पोळू नये म्हणून हाताच्या जागी सुतळी गुंडाळली. मागच्या बाजूला मात्र असा आवळून बसवला की हलवायला दोन माणसं लागावीत. मला झोपवलं, पट्टा पूर्ण ताणायला लावला आणि गुलाबी पट्टी फिरवली. ती पाण्यातून जावी तशी गेली. पहिल्या पाचही गोळ्या एका सुपारीखाली झाकल्या जातील अशा बसल्या. मी वळून पाहिलं. ते म्हणाले, "ठीक हाय." पुढचं मी मनात म्हटलं.

आता एक गोष्ट सांगते, जी मला काकूंनी फार नंतर सांगितली. पण पुढचं समजायला ती इथंच हवी.

अठ्ठ्याहत्तर साली, गावं पेटत होती तेव्हा, उस्तादांच्या नात्यातले एक पाटील त्यांच्याकडे दुनळी बंदूक घेऊन आले. लायसनची, पण नादुरुस्त. "दिवस खराब हायेत, रक्षणासाठी पायजे, आजच्या आज करून द्या," म्हणाले. उस्तादांनी पाहुण्यांना जेवू घातलं, बंदूक चटईवर घेतली आणि पार शेवटच्या स्क्रूपर्यंत खोलली. प्रत्येक भाग वेगळ्या फडक्यात बांधला. पाहुण्यांनी विचारलं, कधी मिळंल? तर म्हणाले, "समाधान झालं की." पाहुणे चार दिवसांनी आले, समाधान झालं नव्हतं. आठवड्यानं आले, स्प्रिंग पटत नव्हती. मग ओरडून गेले. उस्तादांनी डावा कान पुढे केला होता. तिसऱ्या खेपेला त्यांनी ती सगळी फडकी पिशवीत घालून पाहुण्यांना सायकलवर बसवलं आणि पोलीस ठाण्यात नेऊन बंदूक जमा करायला लावली. त्या दिवसापासून गावाकडच्या लग्नाच्या पत्रिका यायच्या बंद झाल्या.

"कुठल्या गावचे पाहुणे?" हे मी काकूंना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. आम्ही दोघी मेथी निवडत बसलो.

तर राज्य स्पर्धा जवळ आली. त्यात चांगली नेमबाजी केली तर पोलिसात खेळाडू म्हणून भरती व्हायची संधी होती. माझ्यासाठी ती एकच वाट होती. कारखान्यात कायम करण्याची भाषा कुणी काढत नव्हतं, अण्णा मोर्च्यात धरले जाऊन नुकतेच सुटून आले होते आणि त्यांचं काम गेलं होतं. घर माझ्या हातांवर चाललं होतं. नेमका त्याच वेळी नामांतराचा प्रश्न पुन्हा तापला. क्लबाच्या अध्यक्षांनी कमिटीची बैठक बोलावली. मला बाहेर ओट्यावर बसवलं. दार उघडं होतं.

"दिवस नाजूक आहेत," अध्यक्ष म्हणाले, नेहमीसारखंच गोड. "मुलगी गुणी आहे, प्रश्नच नाही. पण वडील आत जाऊन आलेले. अशा वेळी तिच्या हातात रायफल देऊन बाहेरगावी पाठवायची म्हणजे... लोक काय म्हणतील? या वर्षी माझा पुतण्या जाईल. उस्ताद, ते लांब कवच त्याला पुढे जड होतं. काढून टाका आणि जुनं लाकूड बसवा."

 मी ओट्याच्या फरशीकडे बघत होते. मला रडू येत नव्हतं. आमच्यात या गोष्टीचं रडू लवकर संपतं.

"उस्ताद, ऐकलंत ना?"

"ऐकलं." म्हणजे उजवा कान तिकडे होता.

"निघतं ना ते?"

"निघतं. दहा मिनटाचं काम."

"मग काढा."

"नाय निघणार."

"का?"

"समाधान झालंय माझं."

एवढं बोलले आणि सगळी कमिटी त्यांच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत हे शब्द या चालीनं कुणी ऐकले नव्हते. खजिनदार तर अर्धवट हसलेच. उस्तादांनी खिशातून किल्ली काढली. क्लबाच्या नियमानं रायफली अध्यक्षांच्या कुलपात असत आणि त्यांचे बोल्ट आर्मोररच्या. बोल्ट म्हणजे गोळी आत ढकलून उडवणारा भाग; त्याच्याशिवाय रायफल म्हणजे नुसती काठी. ती किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली.

"समाधान झालेली चीज म्या खोलत नाय. ते कवच तिच्या हातानं पास झालंय. तुमाला खोलायचं असंल तर दुसरा आर्मोरर बघा. माझा रामराम."

आणि टोपी घालून बाहेर आले. ओट्यावर माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सायकलच्या कुलपात त्यांनी दोनदा किल्ली उलटी घातली, ते मी पाहिलं. त्यांनाही क्लब सुटायला नको होता. कारखान्यात ते पगारासाठी जायचे, जगायचे रविवारी.

अध्यक्षांचं मन वगैरे पालटलं नाही. अडचण साधी होती. आर्मोररशिवाय क्लब चालवता येत नाही, आणि सगळ्या मराठवाड्यात त्यांच्या माहितीत दुसरा आर्मोरर नव्हता. दोन दिवसांनी किल्ली गारखेड्याला परत आली, सोबत संघाची यादी. त्यात माझं नाव होतं, पुतण्याचंही. स्पर्धेत मी तिसरी आले. पोलिसात लागले. स्पर्धेहून आणलेलं पदक उस्तादांनी दातानं चावून बघितलं आणि म्हणाले, "पितळ हाय. पण नेम सोन्याचा."

पुढच्याच वर्षी क्लबानं जालन्याहून कुणी निवृत्त फौजी आणला आणि उस्तादांना बाजूला केलं. हेही मला त्यांनी सांगितलं नाही. एका रविवारी मी गारखेड्याला गेले आणि ते घरीच खाटेवर बसलेले दिसले, तेव्हा कळलं. खाट अजून पटलेली नव्हती. "मी आले नसते तर तुमचा क्लब..." मी सुरू केलं, तर त्यांनी माझ्याकडे डावा कान केला.  काकूंनी चहा आणला. उपकार कसे मानायचे ते आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि उपकार करणाऱ्याला ते मानलेले आवडत नव्हते. आज सांगते, उघड सांगते: मी भाकरी खाते ती त्या माणसानं टेबलावर टाकलेल्या किल्लीची.

त्यांना शेवटचं पाहिलं ते संक्रांतीला, नामांतर जाहीर झालं त्या दिवशी. माझी ड्यूटी विद्यापीठाच्या गेटासमोर. वस्तीतली माणसं गुलाल उधळत येत होती, बाया गात होत्या, वर आभाळात पतंग. माझे डोळे भरून येत होते, पण हातात लाठी आणि डोक्यावर हेल्मेट. पोलिसानं त्या दिवशी कुणाच्याच बाजूनं रडायचं नसतं. अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले होते. ते या गर्दीत नाहीत, हेच राहून राहून आत टोचत होतं.

बॅरिकेडपाशी सायकल धरून एक म्हातारा उभा दिसला. टोपी तीच. खूप वाळले होते. सोबतच्या शिपायानं "बाबा, मागं व्हा" म्हटलं, तर त्यांनी त्याला डावा कान दिला, सायकल बॅरिकेडला टेकवली आणि खालून वाकून सरळ माझ्यापर्यंत आले. खिशात गुलाबी कागदाची गुंडाळी होती. चौकातून ताव घेऊनच आले होते. आता कुठली रायफल तपासणार होते, देव जाणे. कागदाचा कोपरा फाडून त्यात तिळगूळ बांधलेला.

त्यांनी मला खालून वर पाहिलं. बूट, लाठी, हेल्मेट. माझ्या कमरेवर त्यांची नजर थांबली.

"पट्टा पिळलाय."

मी लाठी काखेत धरली आणि कमरेचा पट्टा सरळ केला. आजूबाजूचे शिपाई हसत होते. हसू देत. उस्तादांनी एकदा मागे वळून गेटाकडे, नाचणाऱ्या माणसांकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे.

"हां," ते म्हणाले. "आता झालं समाधान."

तिळगुळाची पुडी माझ्या तळहातावर ठेवली आणि सायकल हातात धरून गर्दीतून चालत गेले. पाठीवर कुणाचा तरी गुलाल पडला होता, तो त्यांनी झटकला नाही.